खोकी इथे खूप आहेत

गुदैबियातल्या आमच्या खोलीत सहा पलंग,
म्हणजे तीनच, पण दुमजली.
खाली मी, वर शाजू.
त्याच्या घोरण्याच्या ठेक्यावर
चाळिशी लागलेला मी
वेबसाइट बनवायला शिकत होतो.

पहिलं पुस्तक दीड दिनारचं.
मुलुख सोडून निघालेल्या कुणा इंजिनिअरच्या सामानातून उरलेलं,
नऊशे पानं, वजनाला चांगलं.
चार महिने मी पानं टेबलांत कोंबायला शिकलो,
रकाने, रकान्यांत रकाने,
आणि एका सुट्टीच्या दुपारी शाजूने आतलं साल वाचलं.
"हे तर माझ्या दहावीच्या आधीचं," म्हणाला.
खोकल्याच्या बाटलीवर तारीख बघतो आपण,
पुस्तकावर बघायची असते
हे सांगायला कोण होतं.

मग तो व्हिडिओवाला. सात दिवसांत उस्ताद.
कोरलेली दाढी, मागे निळा दिवा,
बोटं अशी की एक्स्चेंजमधलं नोटा मोजायचं मशीन.
त्याचं पान उघडायचं,
माझं नाही.
एक अर्धविराम राहिला होता,
मला सापडला अठराव्या रात्री.
त्याचं कधी काही राहतच नसे.

बारा वर्षं मी कार्गोत पेट्या बांधतोय.
ज्याचं काहीच राहत नाही असा माणूस अजून आलेला नाही.
टेप मारून झाली की धावत येतात,
बाळाचा फ्रॉक,
दुधाच्या पावडरचा डबा,
एकदा तर सासऱ्याची कवळी.

चाळीस दिनारच्या कोर्सला मी जवळजवळ बसलोच होतो.
त्यांनी सर्टिफिकेट आधी दाखवलं, सोनेरी किनारीचं,
धडे नंतर दाखवणार होते.
परकारभाई नको म्हणाले नाहीत.
हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारलं,
"मासळी घेताना कल्ला उचलून बघतोस ना?"

एवढंच.

बाई सापडल्या त्या अशाच, पहाटे तीनला, दुसरं काही शोधताना.
कुठल्याशा पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या.
पांढरं पान, एक रंग नाही,
मागे कुकरची शिट्टी,
आणि पहिलंच वाक्य:
"आज माझंच पान मोडलंय. बघूया का कुठे?"

अकरा मिनिटं बाई चुकत होत्या.
मी उठून बसलो.

पुढच्या धड्यात म्हणाल्या,
पानावरची प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पेटी.
आत वस्तू. वस्तूभोवती भराव.
मग पुठ्ठा. मग शेजारच्या पेटीपासून अंतर.
मी इतक्या मोठ्याने हसलो की शाजू वरून ओरडला.
अरे, काचेची बरणी पाठवताना चुरा किती घालायचा
हे माझ्या मनगटाला ठाऊक आहे.
मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं
की हेच ते.

आणि धडा संपताना, दरवेळी:
"आता मला बंद करा. माझ्याशिवाय करून बघा."
इतर सगळे म्हणायचे, पुढचं बघा.

पहिलं पान केलं हसीनाबींच्या मेसचं.
गुरुवारी बोंबील, शुक्रवारी बिर्याणी.
माझ्या लॅपटॉपवर झकास.
परकारभाईंच्या तडा गेलेल्या फोनवर
बोंबलाची किंमत घसरून बिर्याणीखाली गेली
आणि त्या शुक्रवारी तिघेजण
साडेसातशे फिल्सची बिर्याणी मागायला आले.
हसीनाबींनी दिली. मला मात्र
आठवडाभर बोंबील मिळाला नाही.

तर आता लांज्याचा प्रणीत आलाय नवीन,
पलीकडच्या पलंगावर.
तीन कोर्सेस, सहा चॅनल, एक पीडीएफ,
सगळं उतरवून ठेवलंय पोराने, उघडलं एकही नाही.
विचारतो, काका, यातलं कुठलं चांगलं?

मी विचारलं, कुणाचं पान करायचंय तुला?
तो गप्प.
वरून शाजूही गप्प, म्हणजे जागा होता.

म्हटलं, आधी पाठवायचं काय ते आण.
खोकी इथे खूप आहेत.